अंबाडीचा ठराव

गावाचं नाव मी लिहिणार नाही. मस्कतहून सोहारकडे जाताना समुद्राच्या बाजूला अशी चार-पाच गावं लागतात. पुढे नवे बंगले, मागे खजुराच्या बागा आणि मधे भाड्यानं दिलेले भाजीचे तुकडे. त्यातला एक तुकडा सात वर्षं माझ्याकडे होता. जमीन अर्बाबची. अर्बाब म्हणजे मालक, ओमानी, भला माणूस. विहीर त्याची, घाम माझ्या माणसांचा आणि जीभ माझी. रायगडच्या किनाऱ्यावरून मी आलो तेव्हा मस्कतच्या अल मवालेह भाजीबाजारात पेट्या उचलत होतो. त्या बाजारात स्वतःचा गाळा मिळवायला मला बारा वर्षं लागली. माझ्याशी भाव करायचा तर घरून जेवून यावं लागतं, असं तिथे म्हणायचे. मला ते आवडायचं.

अंबाडी मात्र माझी नव्हे. ती आणली काकांनी. काका म्हणजे माझ्या तुकड्यावर राबणारा लातूरकडचा म्हातारा माणूस. रजेवरून येताना मूठभर बी धोतराच्या पिशवीत घालून आला आणि मला न विचारता एका वाफ्यात टाकलं. मी ओरडलो. भेंडीची जागा गेली म्हणून चांगला अर्धा तास ओरडलो. काकांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "शेठ, एक डाव खाऊन तर बघा."

खाल्ली. तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. आमच्या घरात ही भाजी अशी होत नसे, पण जिभेनं लगेच कबूल केलं. दुसऱ्या आठवड्यात मी जुड्या बांधून गाळ्यावर ठेवल्या आणि दुपारपर्यंत एक उरली नाही. मराठवाड्यातले लोक नेत, त्याहून जास्त आंध्रवाले नेत. ते तिला गोंगुरा म्हणतात आणि तिच्यासाठी तासाभराचा रस्ता तुडवत येतात. तेव्हापासून तो वाफा काकांचा. बाकी तुकड्यावर ते मजूर होते, त्या वाफ्यावर मात्र मला चपला काढायला लावायचे.

दुसऱ्या वर्षी मीच म्हणालो, "काका, बी विकत कशाला आणायचं? एक ओळ ठेवा बियाला वाढवायला."

हे मी म्हणालो होतो. पुढे या गोष्टीत मी इतरांना बरंच काही बोलणार आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

ज्यानं उभी अंबाडी पाहिलीय त्याला सांगायला नको. कोवळेपणी पान अखंड असतं, साधं. झाड पुरुषभर झालं की वरची पानं फाटत जातात आणि पाच-सात बोटांचा पंजा होतो. फूल येतं तेव्हा पिवळं, पोटात गर्द लाल. फूल आलं असतं तर ही अंबाडी हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्याला अजून तीन आठवडे होते.

तुकड्याला लागून एक तीन मजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर पुण्याकडचा एक ऑफिसातला माणूस राहायचा. दर गुरुवारी माझ्याकडून एक जुडी त्याच्या घरी जायची. जुडीत कोवळा पाला. उभं झाड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. एका सकाळी त्यानं गॅलरीतून ते पंजे पाहिले, फोटो काढला, मोबाइलवर गांजाच्या फोटोशी ताडून पाहिला आणि पुढे पाठवून दिला.

पोलीस आले ते शांतपणे आले. ओळ उपटली, मुळासकट बांधली आणि काकांना गाडीत बसवलं, कारण वाफ्यात उभे तेच होते. मी मवालेहला होतो. पोहोचलो तेव्हा ओळीच्या जागी खड्डे होते आणि पाणी अजून पाटातून त्या खड्ड्यांत जात होतं. कोणी ते बंद केलं नव्हतं.

तपासणीचा निकाल यायला अकरा दिवस लागले. निकालात काही नव्हतं, असायचं कारणच नव्हतं. काकांना चहा देऊन सोडलं. कोणी हात लावला नव्हता, जेवण वेळेवर मिळत होतं, असं ते स्वतः म्हणाले. एवढंच म्हणाले, "दिवा मालवीत न्हाईत तिथं."

त्यानंतरचे काका मला अजून दिसतात. पूर्वी ते वाफ्याशी बोलायचे, झाडांना शिव्यासुद्धा द्यायचे. ते थांबलं. त्या वाफ्यावर ते पाय ठेवीनात, पलीकडे जायचं तर अख्ख्या तुकड्याला वळसा घालून जात. एकदा विजेचं मीटर बघणारा आला, खाकी शर्ट घालून. काका खुरपं टाकून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मनगटं जोडून. तो बिचारा मलबारी, काय करावं न समजून त्यानं त्यांच्या हातात बिल दिलं.

मी पुण्यावाल्याला जिन्यात गाठलं.

"अहो भाई, काळजीपोटी पाठवला हो फोटो," तो म्हणाला. "आजूबाजूला मुलंबाळं आहेत."

"दर गुरुवारी तोच गांजा हादडत होतात तुम्ही. नशा कशी आली नाही?"

"हे बघा, आवाज चढवू नका."

"अजून चढवलाच नाही. चढवला की खालच्या मजल्याचं प्लास्टर पडेल."

त्यानं दार लावून घेतलं. त्यानं माफी मागितली नाही, आजतागायत मागितली नाही, आणि मी ते विसरलेलो नाही. पण काकांना त्याच्या माफीत रस नव्हता. त्यांना दुसरंच काही हवं होतं. काकांबरोबर खोलीत राहणाऱ्या मजुरांपैकी कोणीतरी गावाकडे फोन केला होता आणि गावात बातमी पोहोचली होती, की म्हातारा अरबांच्या मुलखात गांजा लावताना सापडला. सुटल्याची बातमी मागून गेली, पण ती कोण ऐकतंय.

"शेठ," काका म्हणाले, "भाजी हाय, असं चार माणसांत म्हणाया पाहिजे. कागदावर याया पाहिजे. मंग मी गावाला जाईन."

तशी संधी चालून आली. बंगल्यांतल्या रहिवाशांनी गावच्या नगर परिषदेकडे अर्ज दिला, की वस्तीला लागून भाड्यानं दिलेल्या तुकड्यांत कोण काय पेरतं याला काही नियम हवा. परिषद लहान, सहा-सात माणसं, पण चर्चा ठेवली आणि मला बोलावलं. मी काकांना म्हणालो, चला. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

सकाळी मीच वाफ्यातली उरलेली कोवळी पानं खुडली. काका बांधावर पाठ करून बसले होते. भाजीही मीच केली आणि डबा भरून घेतला. पंधरा वर्षांत बाजारातली अरबी मला चांगली यायला लागली होती. काकांना यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि पाण्याला, उन्हाळ्याला काय म्हणतात, एवढंच येत असे.

चर्चा मजेदार झाली, हे खोटं सांगत नाही. एक सदस्य म्हणाला, वस्तीजवळ माणसाच्या उंचीवर जाणारं काही लावूच देऊ नये. खजुराच्या बागा असलेले एक वृद्ध सदस्य काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "मग माझे खजूर तू कापणार की तुझा बाप?" सगळे हसले. दुसऱ्यानं सुचवलं, परदेशी बी आधी दाखवावं. तिसरा म्हणाला, ठरलेल्या भाज्यांची यादी असावी आणि यादीबाहेर काही पेरू नये. मी डबा उघडला. काठीवाल्या म्हाताऱ्यानं बोटानं भाजी चाखली, पुन्हा चाखली.

"आंबट आहे. हिला तुम्ही गांजा म्हणता? हिनं भूक लागतेय मला."

"गांजानंही भूक लागते म्हणतात," एक तरुण सदस्य म्हणाला.

"तुला बरं ठाऊक."

पुन्हा हशा. काकांना शब्द कळत नव्हते, पण लोक भाजी खाऊन हसतायत हे दिसत होतं. त्या अकरा दिवसांनंतर पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले.

मग अध्यक्षांनी कागद पुढे ओढले आणि माझ्याकडे वळून सरळ विचारलं. दोन रस्ते आहेत, म्हणाले. ही पालेभाजी यादीत घालायची तर शेतकी खात्याची माणसं येतील, बी तपासतील, पान तपासतील, मग आम्ही ठराव करून लिहू की ही भाजी आहे आणि तुमच्या माणसावरचा संशय चुकीचा होता. आम्हाला त्यात आनंद आहे. पण तोवर तुमचा तुकडा जसा आहे तसा ठेवावा लागेल, नवी पेरणी नाही. दोन महिने लागतील, तीन लागतील. नाहीतर तुम्ही आजच लिहून द्या, की यापुढे असं संशयास्पद झाड लावणार नाही. मग प्रश्न इथेच संपला, यादीची गरज नाही.

सप्टेंबर संपत आला होता. तिथे ऑक्टोबरात पेरलं नाही तर हंगाम गेला. टोमॅटो, कोथिंबीर, मुळा, सगळ्यांची रोपं तयार होती. येण्याआधी अर्बाबचा फोन आला होता, "कसंही कर, मिटव."

मी विचार केला असं म्हणवत नाही. भाव करताना मी विचार करत नाही, समोरच्यानं आकडा टाकला की तोंडातून उत्तर येतं. मी म्हणालो, यादी नको, लिहून देतो.

वृद्ध सदस्यांनी काठीवरून मान उचलली. "तुझ्या माणसाला विचारलंस?"

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही," मी म्हणालो.

अध्यक्ष म्हणाले, "खलास?"

मी म्हणालो, "खलास."

कागद तयार झाला, त्यावर माझी सही झाली. 'संशयास्पद झाड' हे शब्द अरबीत दुसऱ्या ओळीत होते. मी वाचले आणि सही केली. काकांनी सगळ्यांना हात जोडले. त्या म्हाताऱ्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीत काका म्हणाले, "खलास म्हणले न्हवं? म्हंजी मिटलं."

"मिटलं."

"भाजी म्हणून लिवलं?"

रस्त्याच्या उजवीकडे समुद्र होता. उन्हात तो पांढरा दिसत होता.

"लिहिलं," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीची काच खाली केली. गरम वारा आत येत होता, मी एसी लावलेला होता, मला राग आला. ते हात बाहेर काढून बसले होते, पंजा उघडा, वाऱ्यात.

त्या हंगामात टोमॅटो चांगला निघाला. काका पुन्हा झाडांना शिव्या द्यायला लागले. खोलीतल्या माणसांना ते सांगत, की अरबांनी ठराव केला, अंबाडी भाजी आहे असा. मग मला म्हणत, "शेठ, तेवढी नक्कल काढून द्या की." मी म्हणायचो, इन्शाल्ला, सरकारी काम आहे. ओमानात इन्शाल्ला म्हटलं की पुढचं विचारू नये, एवढं त्यांना कळत होतं. तरी महिन्यानं ते पुन्हा विचारायचे.

उन्हाळ्यात ते कायमचे गावी गेले. तिथून फोन यायचे, ईदला, दिवाळीला, मधेच कधीतरी. स्टँडवरच्या हॉटेलात पोरं 'गांजावाले आजोबा आले' म्हणतात, हे त्यांनी हसत सांगितलं. "म्या म्हणलं, कागद हाय माझा तितं. शेठनी केलाय." मी म्हणायचो, पाठवतो. गाळ्यावर गिऱ्हाईक असलं तर ओरडून म्हणायचो, पाठवतो म्हटलं ना.

बनावट कागद करून द्यावा, असंही मनात आलं होतं. बाजारात शिक्के काय, मिळतात. पण तेही केलं नाही. मी दुसऱ्यांवर रागावत राहिलो. पुण्यावाला बदली होऊन गेला, त्याच्या जागी कोणी मलयाळी कुटुंब आलं, तरी त्या गॅलरीकडे पाहिलं की माझं डोकं फिरायचं. तुकडाही पुढे गेला. अर्बाबच्या मुलानं तिथे घर बांधलं. ज्याच्यासाठी सही केली ते माझ्या हातात राहिलंच नाही. आणि तरी त्या भागातून ट्रक नेताना मला वाटतं, कोणीतरी बांधावर पाठ करून बसलंय. मी आरशात बघतो. दरवेळी बघतो.

शेवटचा फोन ईदच्या दुसऱ्या दिवशी आला. त्यांनी तब्येत विचारली, गाळा विचारला, नवा माणूस कामाला कसा आहे विचारलं. त्यांनी कागद विचारला नाही. मी वाट पाहिली. त्यांनी पावसाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. त्या खोलीतली माणसं गावी जात-येत होती, नव्या पोरांना अरबी वाचता येत होती आणि कागदाची प्रत गाळ्यावरच्या फायलीतच होती. कोणी सांगितलं असेल त्यांना, मी शोधून काढलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "काका, तो कागद..."

"ऱ्हाऊ द्या शेठ," ते म्हणाले. "तुमचं बी पोट हाय."

समोरच्यानं आकडा टाकला की येतं, तसं तोंडातून उत्तर आलं. मी म्हणालो, "नाही, पुढच्या महिन्यात नक्की पाठवतो."

"बरं," काका म्हणाले, आणि मग भेंडी काय भावानं चाललीय ते विचारलं.