येत नसेल तर डावा हात

पाटोद्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत शिवकन्याबाई चौथीला शिकवतात. बाईंचा आवाज मोठा, राग त्याहून मोठा; पण तो पोरांवर कधी निघत नाही. माझी पुतणी स्वप्नाली एकदा भर वर्गात म्हणाली, "अर्ध्यापेक्षा एक तृतीयांश मोठा. दोनापेक्षा तीन मोठा हाय ना!" बाईंनी तिला गप्प बसवलं नाही. डब्यातल्या दोन भाकरी घेऊन तिच्याच हातानं एकीचे दोन आणि दुसरीचे तीन वाटे करवले. घरी येऊन पोरगी म्हणाली, "काका, माझं चुकलं. पन कावून चुकलं ते बी कळलं." "येत न्हाई" हे न लाजता म्हणायची सवय लागावी, म्हणून बाईंनी वर्षभर घसा कोरडा केला.

आणि ती सवय मोडायला रामप्रसाद सरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, एक सकाळ पुरली. आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. तपासणीला साहेब येणार, म्हणून सरांनी पोरांची तालीम घेतली. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. उजव्या हातवाल्यांनाच सर उठवणार.

मी शाळेच्या समितीवर, म्हणून त्या दिवशी वर्गात होतो. साहेबांनी विचारलं, की झाडून सगळे हात वर. सर उजवे हात हेरून उठवत गेले, उत्तरं धडाधड आली, साहेब खूश. बाईंना राहवलं नाही.

"साहेब, डावा हात वर केलेल्यांना इचारा की! त्यांचं काय अडलंय ते मला बी कळंल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, हसले आणि जेवायला गेले. सर मागं वळून बाईंवर खेकसले, "शाळेची अब्रू घालवता का?" अब्रू म्हणे! लेकरांना खोटं शिकवताना कुठं होती ती?

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीचा विसरलेला डबा द्यायला गेलो. फळ्यावर नवं गणित होतं. "कुनाला अडतंय?" बाईंनी नेहमीसारखं विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"मग येतंय कुनाला?"

सगळे हात वर. स्वप्नालीचा डावा.

"तुला येत न्हाई ना, बाळा? मग तसं सांग की."

"येतंय, बाई," ती खाली बघत म्हणाली.

"मग ये, सोडव."

पोरगी जागची हलली नाही. हातही खाली घेईना.