पाचाच्या पटीतली वासरं

नॉटिंगहॅमजवळच्या त्या ऑफिसात धम्मशीला गजभियेला सगळे ‘शीला’ म्हणत. पूर्ण नाव उच्चारायला कुणाला सवड नव्हती. नागपूरच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकून पुढे संख्याशास्त्रात रमलेल्या या बाईचं काम होतं मांसासाठी पाळलेल्या गायींचे आकडे तपासण्याचं. वासरू दोनशे दिवसांचं झालं की त्याचं वजन किती, आईचं किती, दोन वेतांत अंतर किती. स्वतः बेताची राहून थोराड वासरू देते ती गाय कामाची.

पहिल्याच आठवड्यात रॉजरसाहेबानं चेहरा गंभीर करून विचारलं, “तुम्हा लोकांना गाय पवित्र ना? त्रास नाही ना होणार?”

“मी बौद्ध आहे,” ती म्हणाली. “मला खोट्या आकड्यांचा त्रास होतो.”

रॉजर खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला.

२००६च्या ऑक्टोबरात हॅलम नावाच्या शेतकऱ्याची फाइल तिच्यापुढे आली. हॅलम म्हणजे तिथल्या गोपालक संघाचा अध्यक्ष. तीन वर्षं ओळीनं त्याचाच कळप उत्कृष्ट ठरत होता, आणि ठरवणाऱ्या समितीत तो स्वतःच बसत होता. अठ्ठावन्न वासरं, आणि प्रत्येकाचं वजन शून्यावर नाहीतर पाचावर संपलेलं! त्यातलं एक वासरू मार्चमध्ये मेल्याची नोंद होती. सप्टेंबरात त्याचं वजन दोनशे सत्तर किलो. मेल्यावर त्याला भूक चांगलीच लागलेली दिसत होती.

“जुना माणूस आहे,” रॉजर म्हणाला. “त्याची नजर तयार आहे.”

“मग नजरच पाठवा म्हणावं. आकडे कशाला?”

पुढच्या मंगळवारी ती व्हॅनमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा घालून हॅलमच्या फार्मवर हजर झाली. हॅलमनं तिला गमबुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

“बाई, चाळीस वर्षं मी डोळ्यांनी वजन करतोय.”

“छान. तुम्ही आधी आकडा सांगा, मग मी मोजते.”

त्याची लाडकी गाय डचेस काट्यावरच्या लोखंडी पिंजऱ्यात जेमतेम मावली. सातशे एक्क्याण्णव किलो. “बघा, काय देह आहे!” हॅलम फुशारला. तिच्या वासराला त्यानं तीनशे सांगितले. भरले एकशे अठ्ठ्याऐंशी. आईच्या पाव वजनाचंही नाही. मग आली एकशे चौदा नंबरची गाय. तिला नाव ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. अंगानं लहान, म्हणून यंदा काढून टाकायच्या यादीत. वजन पाचशे साठ, आणि वासरू दोनशे चौऱ्याऐंशी, म्हणजे आईच्या निम्म्याहून जास्त.

“काटा बिघडलाय,” हॅलम म्हणाला.

“तुम्ही उभे राहून बघा.”

तो तावातावानं चढला. आकडा आला एकशे अठरा.

“पाहिलंत? साफ बिघडलाय!”

कुंपणापाशी उभी असलेली त्याची बायको ब्रेंडा शांतपणे म्हणाली, “नाही हो. बरोबर आहे.”

परतताना धम्मशीलाला उगाचच हलकं वाटत होतं. आकडे एकदा समोर आले की माणसं मानतातच, असं ती अजून समजत होती.

तिनं अहवाल लिहिला. त्यात दोन रकाने केले, ‘मोजलेलं’ आणि ‘अंदाजे’. रॉजरनं तो वाचून डोकं खाजवलं आणि संघाच्या समितीपुढे ठेवला. समितीनं सँडविच खात दोन तास चर्चा केली. ‘अंदाजे’ हा शब्द सदस्यांना अपमानास्पद वाटला. त्या जागी ‘अनुभवसिद्ध’ असं लिहायचं ठरलं. शिवाय काही शेतकरी खरोखर मोजून दोनशे सत्त्याऐंशी असले विचित्र आकडे पाठवतात, त्यानं तक्ता विस्कळीत दिसतो, म्हणून यापुढे सगळीच वजनं जवळच्या पाचावर न्यावीत, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. उत्कृष्ट गाय डचेस. ‘भारदस्तपणासाठी.’

“वाईट वाटून घेऊ नका, शीला,” रॉजर म्हणाला. “तुमच्यामुळे पद्धतीत एकसारखेपणा आला.”

“धम्मशीला,” ती म्हणाली, आणि तिच्या प्रतीतले दोन्ही रकाने होते तसेच ठेवून तिनं ती फाइल बंद केली.

एकशे चौदा बाजारात गेली. ती खाटकाकडे जायच्या आत शेजारच्या गावातल्या एका विधवा बाईनं उचलली. त्या बाईला कुठल्याच समितीत जागा नव्हती, पण काटा होता. पुढची तीन वर्षं त्या गायीची वासरं तिच्या कळपात पहिली आली, मोजून.

हॅलम हल्ली भेटेल त्याला सांगतो, “माझ्याच गोठ्यातली. लहानपणीच ओळखली होती मी.”