बियाण्याच्या ढोलीतली एकदाणी

मागच्या रविवारी मी पाण्याच्या गुंडावर, म्हणजे पितळी हंड्यावर, पडलो. पडायचं नाटक करायला गेलो आणि खराच पडलो — माझं असंच असतं. भाचेकंपनीला मी माझा ठरलेला सिनेमा करून दाखवत होतो. जुना इंग्रजी, हिंदीत बोलणारा. त्यातला डिटेक्टिव्ह हिऱ्यांच्या चोराला शोधतो म्हणजे काय, तर दारावर आपटतो, गालिच्यात पाय अडकवतो आणि खुद्द चोरालाच सलाम ठोकून वाट करून देतो. घर हसून लोळलं. धाकटी भाची म्हणाली, "मामा, तुमी खरा चोर पकडला का जी कधी?"

मी पाणी पुसायला खाली वाकलो आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

का, ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वीस वर्षं झाली असतील. तुम्हाला सांगतो — म्हणजे प्रयत्न करतो. मध्येच विषय बदलला तर मला धरून बसवा.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सासरची मंडळी सिहोऱ्याहून पहिल्यांदाच आमच्या गावी यायची होती. त्याच आठवड्यात साकोलीहून सीडी आणून मी तो सिनेमा तीनदा पाहिला होता. जावई नुसताच जेवतो असं सासऱ्यांना वाटू नये, म्हणून बेत केला. वहिनीनं आंघोळीआधी पेटीवर काढून ठेवलेली गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी मी उचलली आणि बियाण्याच्या ढोलीत, बांबूच्या उंच कणगीत, धानात हातभर खाली खुपसली. जेवणं झाली की मी डिटेक्टिव्ह होणार, दोनचार ठिकाणी आपटणार आणि दागिना शोधून देणार. हुशार ना?

मग पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेलो. एसटी दीड तास उशिरा आली. परतलो तर ढोली बंद.

बियाण्याचं धान भरलं की आमच्याकडे ढोलीचं तोंड शेणमातीनं लिंपतात, हळदीकुंकू वाहतात आणि पेरणीपर्यंत तिला हात लावत नाहीत. मध्येच फोडली तर बियाणं रुसतं, असं दादा मानतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला मी आजही घाबरतो. लिंपण केलं होतं शेवंतामावशीनं — रोवणीपासून धान निवडण्यापर्यंत आमच्याकडे कामाला येणारी, माझ्या वरातीत माझ्यापेक्षा जास्त नाचलेली. तिच्या बोटांचे वळ शेणावर दिसत होते. लिंपण अजून ओलं होतं. तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? दादानं शिव्या घातल्या असत्या, सासरे हसले असते. एवढंच.

पण तेवढ्यात वहिनीच बाहेर आली. "माही एकदाणी कोठी गेली?" पेटी, कपाट, गाद्या — सगळं उलटंपालटं झालं. दादाचा आवाज चढला. "सकाऊन आतमंदी कोन गेल्तं?" एकेकाकडे बघत त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. पाहुणे बघत होते, नवी बायको बघत होती. मी म्हणालो, "मावशी पेटीपाशी दिसली होती."

दिसली नव्हती. ती सकाळपासून अंगणात होती.

मावशीनं हात धुतले नव्हते. शेणाचे हात तसेच पुढे धरून तिनं मला एकट्यालाच विचारलं, "बापू, तुमी पाह्यलं मले?"

मी मान हलवली. हो, अशी.

पोलीस बोलावले नाहीत. दादाला तो मोठेपणा वाटला. तिचं आमच्याकडचं काम सुटलं, मग गावातलं. रोवणीला कुणी बोलावेना. ती अजून गावातच राहते. रोज फाट्यावर जाऊन एसटी धरते, साकोलीत लोकांची भांडी घासते.

जूनमध्ये ढोली फोडली तेव्हा पहिला हात मीच घातला. तेव्हा तरी बोललो? — नाही. एकदाणी मुठीत आली, आणि दुपारी मी ती आमच्या शेतातल्या बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, चिखलपाण्यात फेकून दिली. सोनं नको होतं मला. फक्त पकडलं जायचं नव्हतं. पण मग याला म्हणायचं काय?

यंदा त्या बोडीचा गाळ काढायला मशीन आलं आहे. आठ दिवस झाले, मी काठावर बसून असतो. दादा सगळ्यांना सांगतो, धाकट्याले आता शेतीची फिकीर लागली. मशीनचं फावडं वर आलं की मी उठून पुढे वाकतो. परवा चिखलात पिवळं चमकलं — बिस्किटाचा कागद निघाला. मला भीती नेमकी कशाची वाटते? एकदाणी सापडेल याची, की गाळ शेतभर पसरेल आणि ती कधीच सापडणार नाही, याची? मावशी फाट्याला बोडीच्याच वाटेनं जाते. थांबत नाही, बघतही नाही. तिची चप्पल वाजली की मी मशीनकडे तोंड करतो.

काल दुपारी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला. मी वाट बघत होतो — रडेल, ओरडेल, दादाला हाक मारेल. ती बोलली ती माझ्याशी बोलत नसल्यासारखी.

"एका उन्हाळ्यात मावशी दारात आल्ती, पाणी मांगाले. मी पयले कपाटाले कुलूप लावलं, मंग तिले गिलास देल्ला. तिनं पाह्यलं जी."