जागा धरायला पोर

नाशिकला इंदिरानगरात नवऱ्याला सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, तेव्हापासून महिन्याला पगार येतो. बरं चाललंय. पण सिटी बसला कितीही गर्दी असू द्या, मी लेकीला माझ्याआधी चढू देत नाही. ती कॉलेजला जाते आता, लाजते. लाजू दे. आधी मी चढते, मग तिला हात देते.

आम्ही मूळचे पेठ तालुक्यातले, डोंगरातले. घरचा भात, नागली दिवाळीपर्यंत कशीबशी पुरायची. मग दाराला कडी घालायची आणि नाशिकच्या नाक्यावर येऊन उभं राहायचं. सकाळी तिथे पिकअप गाड्या लागायच्या, द्राक्षबागांना माणसं न्यायला. काही गाड्या संध्याकाळी परत आणून सोडायच्या, काही माणसांना हंगामभर बागेतच ठेवायच्या. गाडी आली की ही झुंबड! म्हणून एका सकाळी सगळ्याच बाया करायच्या तेच मी केलं. जागा धरायला आधी पोर वर चढवली. तेव्हा ही पाच वर्षांची. "बस तिथं, हलू नको," म्हटलं आणि गाठोडं उचलायला वाकले.

वर बघते तर गाडी निघालेली.

अगं बाई गं! मी ओरडले, मागे पळाले, चप्पल तुटली. सगळ्या मेल्या पिकअप पांढऱ्या! कुठली ती, कुठं गेली, रोजची की हंगामाची, काही कळेना. नवरा पलीकडे मुकादमाशी मजुरी ठरवत होता. तो धावत आला आणि म्हणतो कसा, "येईल संध्याकाळी."

"नाय आली तर? तुझं तोंड बघत बसू?"

बोलले खरी, पण तोही दिसेल त्याला गाडी विचारत सुटला होता. गाडीतल्या प्रत्येक बाईला वाटणार, पोर दुसरीची आहे. कोण विचारणार? हंगाम संपेपर्यंत कुणी विचारलंच नाही तर? 

नाक्यावरच्या चहावाल्याने ती गाडी ओळखली होती. "दिंडोरीकडची हाय. पुढं पंपावर डिझेल भरतो तो. पळा!" आम्ही दोघांनी गाठोड्यासकट रिक्षा केली. रस्ताभर मी देवाला शिव्याही दिल्या आणि नवसही बोलले.

गाडी पंपावर उभी होती. बाया खाली उतरून पाणी पीत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "तुझी का गं ही? पाणी पाजायला उतरवत होते, तर चावली मला!"

पोर गाडीत एकटीच. दोन्ही पाय फाकवून, हात पसरून कोपऱ्यात बसलेली. डोळे रडून सुजलेले, पण जागची हलली नव्हती. मला बघून म्हणाली, "आये, चढ ना लवकर. कवाची धरलीय तुझी जागा."

मी आधी तिला एक ठेवून दिली. मग छातीशी धरून ढसाढसा रडले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काय करणार, नवऱ्याने गाठोडं वर टाकलं, मागोमाग मी चढले आणि तिने धरलेल्या जागेवर बसले. दिवस भरायचा होता.