सुखदेवभाऊ आणि दगडाची रेती

मागच्या रविवारी लाखनीच्या आमच्या घराचा स्लॅब टाकून झाला. आनंद व्हायला हवा होता... पण खरं सांगतो, नुसतं बसून राहावंसं वाटलं.

रेतीघाट बंद, नदीची रेती मिळेना. दोन महिने सळया उघड्यावर गंजत होत्या. जवाहरनगरच्या कारखान्यातली ड्युटी संपवून रोज यायचो, अर्धवट भिंतींभोवती चक्कर मारायचो आणि भाड्याच्या खोलीवर परतायचो. बायकोनं तर विचारणंच सोडलं होतं...

शेवटी इंजिनिअरच्या सल्ल्यानं दगड फोडून केलेली रेती, म्हणजे एम सँड आणली. तर आमचे मिस्त्री सुखदेवभाऊ अडून बसले. वडिलांचं घरही त्यांनीच बांधलेलं. मूठभर रेती बोटांत चोळली आणि म्हणाले, "हे मले जमत नाही. दुसरा मिस्त्री पाहा."

काहून, ते सांगेनात. जुना माणूस, नवं काही पटत नाही, असं समजून मी चिडलो. चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो... भांडायलाच.

त्यांच्या पत्नी, काकू, कापडात गुंडाळलेल्या गरम विटेनं त्यांचा उजवा खांदा शेकत होत्या. मला पाहून भाऊंनी घाईघाईनं शर्ट ओढला.

"यायले रेतीचा राग नाही," काकूच भाऊंकडे पाहून बोलल्या. "खरबरीत असते ते, थापी जड चालते. मागच्या साली अशाच रेतीनं एका घराचं प्लास्टर केलं, तवापासून हात वर होत नाही. लोकायले समजलं तं काम कोन देईन?"

माझा राग कुठे गेला, कळलंच नाही.

मी म्हटलं, "भाऊ, स्लॅबले मिक्सर आहे. प्लास्टर दुसरे करतीन. तुमी फक्त पाहा."

भाऊंनी शर्टाची बटणं लावली. मग म्हणाले, "हे रेती पानी जास्त मागते. लोकं ओतत राहतीन, माल कमजोर होईन... मले तिथं राहाच लागन."

रविवारी ते सकाळपासून मिक्सरजवळ स्टूल टाकून बसले. दोनदा पातळ माल परत फिरवला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांना चहा दिला. कप त्यांनी डाव्या हातानं घेतला.

दोन महिने रेतीसाठी किती जणांना फोन केले, आठवतही नाही... भाऊंना मात्र, तुमचं बरं आहे ना, एवढंही एकदा विचारलं नव्हतं.