दोन्ही मुसळं वर

सुलोचनाबाई तुमसरच्या एका राईस मिलमध्ये बावीस वर्षांपासून धान वाळवतात, पोती भरतात आणि जेवणाच्या सुटीत कथा लिहितात. मालकाला यातली पहिली दोनच कामं माहीत आहेत. शिक्षण सातवी. तीन कथा जिल्ह्याच्या साप्ताहिकात आल्या, त्याही जाहिराती कमी पडल्या त्या आठवड्यांत.

मिलसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दोन वर्षांपूर्वी बाई आधार अपडेट करायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मनिष, दुसऱ्या देशात लोक धान कसा करत होते, त्याचे जुने फोटो निघते काय रे? मले कथेसाठी पाह्यजे."

मी शोधलं. आधी बासमतीचे भाव निघाले. मग अमेरिकेतल्या एका भल्यामोठ्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह उघडला. लाखो फोटो, पत्रं, मुलाखती. सगळं फुकट, ना पासवर्ड ना ओटीपी. माझ्या धंद्यात असं काही दिसलं की समोर फसवणूकच असते, म्हणून मी बाईंना दोन दिवस थांबवून ठेवलं.

त्यानंतर दर रविवारी बाई हजर. इंग्रजी मी वाचायचो, फोटो त्या वाचायच्या. "मोठा कर. तोंड नको, पाय दाखव."

एका रविवारी शंभर वर्षांपूर्वीचा एक फोटो निघाला. अमेरिकेच्या दक्षिणेतलं भातशेतीचं गाव, दोन कृष्णवर्णीय बायका, मध्ये लाकडी उखळ. खाली ओळ होती : तांदूळ कांडताना दोन स्त्रिया.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. "ह्या कांडून नाही राहिल्या."

"काकू, खाली लिहिलं हाये."

"लिहू दे. एका उखळात दोघी कांडते तं एकीचं मुसळ वर, एकीचं खाली राहते. इथं दोन्ही वर हाये. संगमंग खाली आले तं एकमेकावर आपटन! आन् पायावर कोंडा कुठी हाये? ह्यांले कोणीतरी मुसळ वर धरून उभं केलं, फोटोसाठी. मुसळ किती जड राहते, माहीत हाये काय तुले?"

मला माहीत नव्हतं. मी माउस उचलतो.

त्यातून कथा झाली. रिकामं उखळ, काळ्या कापडात डोकं घातलेला फोटोवाला, भरून आलेले दोघींचे हात, आणि घरी न कांडलेलं धान. टाइप मी केली. चुका पाच निघाल्या, त्यातल्या चार माझ्या.

नागपूरच्या एका दिवाळी अंकानं कथा घेतली. बाईंनी सगळ्या मिलला सांगून टाकलं. आणि मग संपादकांचा फोन आला. स्पीकर माझ्या टेबलावर.

"सुलोचनाताई, कथा उत्तम. फक्त 'त्या कांडत नव्हत्या' हे वाक्य काढा. तुम्ही पाठवलेल्या लिंकवर फोटोखालची मूळ नोंद मी पाहिली. तिथे वेगळं लिहिलंय."

"नोंद लिहिणाऱ्यानं कधी मुसळ धरलं होतं काय, सर?"

"अहो, एवढं मोठं ग्रंथालय! त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"ग्रंथालयातलं नाही कळत. उखळातलं कळते."

"पण पुरावा?"

"फोटोच हाये ना. तुमी खालचं वाचलं, मी वरचं पाह्यलं."

"मग ताई, छापणं कठीण आहे."

मी हातानं खुणा करत होतो, हो म्हणा, हो म्हणा. बाईंनी माझ्याकडे फाटक्या पोत्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"तं राहू द्या. एकदा त्या बायांले उगाच उभं केलं, तेवढं पुरे. मी त्यांले आणखी खोटं कांडायले नाही लावत."

फोन बंद.

"काकू, एकच वाक्य तं होतं!"

"त्या एका वाक्यासाठीच तं लिहिली."

"आता मिलमध्ये काय सांगसान?"

"सांगीन, मी वापस घेतली. आन् उद्या सुटीत वाचून दाखवीन. तिथं कोणी पुरावा नाही मागत. सगळ्यायनं मुसळ धरलं हाये."

मी कॉम्प्युटर बंद करायला लागलो, तर बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"थांब. मांगच्या रविवारी दुसऱ्या फोटोत पाह्यली ना, ते सुपानं पाखडणारी बाई काढ. तिचा झगा मांगं उडून राहिला, म्हणजे वारा समोरून हाये. अशी उभी राहून कोण पाखडते? सारा कोंडा डोळ्यात जाईन. तिलेही कोणीतरी उभं केलं. मोठा कर."