मैना एलियस विमल

पोशीरच्या विमलबाईंना कुणी मैना म्हणून हाक मारली असती, तर त्यांच्या सुनेनेच विचारलं असतं, कोण मैना? लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'विमल' काढलं, आणि माहेरची मैना त्या ताटातच राहिली. पुढची पंचेचाळीस वर्षं रेशनकार्ड, आधार, बँक, सगळीकडे विमलच. मैना म्हणणारा एकटा धाकटा भाऊ मालोजी उरला होता.

घोळ घातला तोही त्यानेच. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस सांगताना पठ्ठ्या तोंडात बसलेलंच नाव सांगून आला, आणि सातबाऱ्यावर मैना लागली. पुढे हक्कसोडीची वेळ आली. आमच्याकडे रीतच आहे, भावाने साडी नेसवायची आणि बहिणीने जमिनीवर पाणी सोडायचं. पण मैना नावाची बाई दुसऱ्या कुठल्याच कागदावर नव्हती. जी बाई नाहीच, ती हक्क सोडणार कसा?

म्हणून दोघं खालापूरला कचेरीसमोर तेजश्रीच्या टायपिंगच्या दुकानात आली होती. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकिलाने नमुना इंग्रजीत दिला होता. तेजश्रीने तो वाचून दाखवला, "विमल एलियस मैना..."

"एलियस म्हंजे?"

"ऊर्फ, मावशी."

विमलबाईंचा चेहरा उतरला. "ऊर्फ तर चोरांना लावतात गं. टीव्हीवर बगते ना मी. मी काय कुनाचं चोरलंय?"

तेजश्रीने वकिलीचं एक वर्ष करून सोडलं होतं. ते वर्ष आजवर कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं, त्यामुळे ती संधी सोडणार नव्हती. "चोरांचा काय संबंध? लॅटिन शब्द आहे. अर्थ, एरवी, दुसऱ्या वेळी. एरवी हिला मैना म्हणतात, एवढंच. पूर्वी इंग्लंडच्या कोर्टात सरदार असो की पाववाला, दोन नावं असली की हाच शब्द घालायचे. आणि पहिला हुकूम माणसाला पोचला नाही, की दुसरा काढायचे, त्यालाही एलियसच म्हणायचे. मागे एकदा फर्मावलंय, आता तरी शोधून आणा, असं त्यात असायचं."

"मंग सापडायचा मानूस?"

"कधी कधी."

विमलबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मैना आदी लिव. आदी तीच जल्मली."

तेजश्रीने नावं उलटी केली. सही दोन्ही नावांनी हवी होती. विमल सरावाने झालं. मैना त्यांनी चौथीत पाटीवर लिहिलं होतं, त्यानंतर कधीच नाही. दोन मात्रा देताना त्यांनी जीभ दातांत धरली. लिहून झालं तेव्हा डोळे भरून आले, आणि फार बरंही वाटलं.

मालोजीने हुश्श केलं आणि दुसरा कागद पुढे सरकवला. "मैनाबाय, आता ह्यो वाचून घे. हक्कसोड. सायेब जेवायला उठायच्या आत सही करून येऊ." शेजारी साडीची पिशवी होती.

विमलबाईंनी पिशवीत हात घालून पोत पाहिला. साडी भारी होती. मालोजी माणूस वाईट नव्हता, एकही भाऊबीज त्याने चुकवली नव्हती, आणि म्हणूनच त्यांना बोलायला जड गेलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मालोजी, पंचेचाळीस वर्सांनी मैना बाच्या घरी आलीया रं. आल्या आल्या तिला परत नको धाडू."

मालोजीचा हात साडीच्या पिशवीकडे गेला.

"साडी ठेव," त्या म्हणाल्या. "भाऊबीजेला दे, घेईन मी."